पोटात गोळा

माणसांच्या पोटात गोळा येऊ द्यायचा नाही, हा आमच्या धाकट्या भाऊजींचा धंदा. गेली तीस वर्षं ते लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत आहेत. लिफ्ट सुटलेली कळू नये, थांबलेली कळू नये, दार उघडलं की आतली फरशी आणि बाहेरची फरशी एका रेषेत असावी, एखाद्या आजींची काठी मधल्या फटीत अडकू नये, एवढ्यासाठी हा माणूस सोमवार ते शनिवार अंधेरी ते दहिसर तेलकट हातांनी फिरतो. आणि मधूनच एखाद्या रविवारी स्वतःच्या पोटात गोळा आणायला पैसे मोजून खोपोलीला जातो.

राहायला ते बोरिवलीला. बोरिवलीहून खोपोली म्हणजे आधी दादर, मग पूल, मग सेंट्रल. पहाटे एवढी यातायात नको म्हणून शनिवारी रात्री मुक्काम आमच्याकडे, मुलुंडला. सकाळी एक स्टेशन मागे-पुढे केलं की ठाण्याहून खोपोली लोकल मिळते. लोकांकडे नातेवाईक मुक्कामाला येतात ते लग्नासाठी, दवाखान्यासाठी, फार तर कोर्टाच्या तारखेसाठी. आमच्याकडे येतात ते रोलर कोस्टरसाठी, आणि तेही वर्षातून पाच-सहा वेळा.

आम्ही सहाव्या मजल्यावर. भाऊजी जिन्याने येतात. दारात उभे राहून दोन मिनिटं नुसते धापा टाकतात, मग म्हणतात, "व्यायाम हो वहिनी. पन्नाशी उलटली आता." मी पाण्याचा तांब्या देते. इतकी वर्षं मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं.

या वेडाची सुरुवात गोराईत झाली. १९८९ साली एस्सेल वर्ल्ड उघडलं तेव्हा भाऊजी आयटीआयला होते. शाळा-कॉलेजांच्या सहली तोवर राणीच्या बागेत नाहीतर नॅशनल पार्कात वनराणीत बसायला जायच्या. आता त्या लाँचमध्ये बसून खाडीपलीकडे जायला लागल्या. भाऊजी पहिल्यांदा गेले ते मित्रांच्या पैजेपायी. मित्र उतरले आणि कठड्याला धरून ओकले. भाऊजी उतरले आणि परत रांगेत जाऊन उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी अकरा फेऱ्या मारल्या. बाराव्या खेपेला रांगेवरच्या माणसाने विचारलं, "घरी कोणी आहे की नाही?" हा किस्सा मी लग्न होऊन आल्यापासून दर दिवाळीला ऐकते आहे. आधी आकडा सात होता.

पुढे त्याच किनाऱ्यावर विपश्यनेचा सोनेरी पॅगोडा उभा राहिला आणि त्या लाँचची मोठी गंमत झाली. एकाच बाकावर दोन तऱ्हेची माणसं बसायची. एक जाणार तोंड मिटायला, दुसरी जाणार घसा फाडायला. खाडी मात्र दोघांना त्याच वासाची. भाऊजींना कधी कोणी विचारलं, "पॅगोडा?" तर ते गंभीरपणे सांगायचे, "शेजारी. पण हेतू तोच."

२०२२ पासून एस्सेल वर्ल्ड बंद आहे. वॉटर किंगडम चालू आहे, पण भाऊजी पाण्याला खेळ मानत नाहीत. "भिजायचंच असेल तर जुलैत मिलन सबवेला जावं," म्हणतात. अधूनमधून ते संध्याकाळी गोराई जेट्टीवर जाऊन उभे राहतात, हे मला जाऊबाईंनी सांगितलं. काय करतात? काही नाही. सिगारेट ओढत नाहीत, भेळ खात नाहीत. पलीकडे बघतात आणि परत येतात. माणसं जुन्या शाळेसमोर उभी राहतात, तसं असावं.

आता जाऊबाईंविषयी बोललंच पाहिजे, कारण प्रत्येक कोस्टरभक्तामागे एक बाई बॅगा घेऊन उभी असते. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात त्या एकदा बसल्या, उतरल्या, अव्होमीनची अख्खी पट्टी पर्समध्ये टाकली आणि त्यानंतर पुन्हा कधीही बसल्या नाहीत. पण जाणं सोडलं नाही. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला भाऊजींनी त्यांना बंगळुरूला नेलं, तेव्हा सगळ्या नातेवाइकांना वाटलं, चला, माणूस सुधारला. तो वंडरलाला गेला होता. तिथे सरळ जाऊन मग तोच रस्ता उलटा कापणारा कोस्टर आहे. भाऊजींना नीट बघायचं होतं की उलटं जाताना पोटातला गोळा कुठल्या बाजूने येतो. जाऊबाईंनी भारतातली सगळी नावाजलेली पार्कं पाहिली आहेत, पण खालून. कुठल्या पार्कात कुठल्या बाकावर सावली असते, हे त्यांना तोंडपाठ आहे. बसण्याआधी भाऊजी त्यांच्या ताब्यात एकेक वस्तू देत जातात. चष्मा, घड्याळ, पाकीट, किल्ल्या, आणि शेवटी पाठ फिरवून, रुमालात गुंडाळून, वरची कवळी. "एवढा विश्वास सोन्याच्या दागिन्यांच्या वेळी नाही दाखवला कधी," असं जाऊबाई म्हणतात.

तोंडात कवळी नाही म्हणून म्हणा, भाऊजी कोस्टरवर ओरडत नाहीत. ते ऐकतात. साखळी गाडीला वर ओढत असते तेव्हा खाली जो खट-खट-खट आवाज येतो, त्यावर त्यांचं पहिलं व्याख्यान असतं. "लोकांना वाटतं साखळी वाजते. साखळी नाही हो ती. तो खटका आहे. दातेरी पट्टीवरून एकेक दात पुढे पडतो. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरायची नाही." मग गाडी ओटिसकडे वळते. त्या माणसाने १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात उंच फळीवर उभं राहून, सगळ्यांदेखत दोर कापायला लावला आणि खटक्याने फळी जागच्या जागी धरली. "तिथून लिफ्ट आली, वहिनी. लिफ्ट आली म्हणून तुमचा सहावा मजला आला. सगळं त्या खटक्यावर उभं आहे." हे सांगताना त्यांचा आवाज एकदम कीर्तनकारासारखा चढतो.

दुसरं व्याख्यान माझ्या भरल्या वांग्यांवर झालं. त्या शनिवारी मी सहज विचारलं की गाडी उलटी होते तेव्हा माणसाची मान मोडत नाही का. भाऊजींनी घास खाली ठेवला. म्हणाले, मोडायची. १८९५ साली अमेरिकेत कोनी आयलंडला एक गाडी होती, तिचा फेरा अगदी गोल, बांगडीसारखा. खालून वेगात आलेली गाडी एकदम गोलात शिरली की बसणाऱ्याच्या मानेवर सगळा भार यायचा. लोक पैसे देऊन मान धरून घरी जायचे. पुढे १९७६ साली कॅलिफोर्नियात श्टेंगेल नावाच्या जर्मन इंजिनिअरने तो गोलच काढून टाकला. असं म्हणून भाऊजींनी ताटातलं एक वांगं उचललं, देठ खाली, डोकं वर. "हा बघा आकार. खाली वळण सैल, म्हणजे वेग असतो तिथे भार कमी. वर वळण आवळलेलं, कारण तिथे गाडी दमलेली असते." रस्सा कोपरापर्यंत ओघळला होता. आमचे हे म्हणाले, "अरे, ते खा आता." भाऊजींनी आधी ते वांगं सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. मला तेव्हापासून बाजारात देठाची वांगी निवडताना उगीचच कोणीतरी किंचाळल्याचा भास होतो.

जत्रेतला पाळणा त्यांना चालत नाही. माहीमच्या जत्रेत एकदा आम्ही सगळे गेलो होतो. मुलं टोराटोरात बसायला निघाली, तर भाऊजी आधी खाली वाकून सांधे बघायला लागले. पाळणेवाल्याने विचारलं, काय हरवलं का? भाऊजी म्हणाले, "तुमची हरवली आहे. ही स्प्लिट पिन कुठाय? इथे खिळा घातलाय तुम्ही." पुढची दहा मिनिटं जे झालं त्याला जत्रेचीच शोभा म्हणावी लागेल. मुलं शेवटी उसाचा रस पिऊन घरी आली. लोक भाऊजींना साहसी म्हणतात, पण मी तरी इतका भित्रा माणूस पाहिला नाही. फूटबोर्डावर उभे राहत नाहीत, सिग्नल हिरवा असला तरी दोन्हीकडे बघतात, म्युच्युअल फंडाचं नाव काढलं की "बाजार जोखमीच्या अधीन" हे वाक्य पुरं म्हणून दाखवतात. त्यांना उंचीवरून पडायचं असतं, पण ज्याने हिशोब केलाय त्याच्याच हातून.

त्यांची एक वही आहे, एका बँकेची जुनी डायरी. त्यात रकाने आखलेत: तारीख, गाव, रांग, अधांतर, ब्रेक. अधांतर हा त्यांचा स्वतःचा शब्द. गाडी माथ्यावरून खाली झेपावते तेव्हा बूड सीटवरून उचललं जातं, ते अधांतर. ते दहापैकी मोजतात. रांग नेहमी शेवटची. "पुढे बसतात ते फोटोवाले. मागच्या डब्याला पुढचे सगळे डबे माथ्यावरून खेचून घेतात, खरा गोळा तिथे." अमेरिकेत १९७८ पासून अशा वेड्यांचा संघच आहे आणि ते लोक वेगवेगळे कोस्टर किती झाले ते मोजतात, हे कळल्यावर भाऊजी आठवडाभर खिन्न होते. कारण कोस्टर मोजायचे तर आपल्याकडे आहेत किती? त्यांनी वहीत वेगळाच हिशोब लिहायला घेतला: तोच कोस्टर, किती वेळा. खोपोलीचा नायट्रो, चौसष्ट.

माझा भाचा न्यू जर्सीत एडिसनला राहतो. तिथून गाडीने तासाभरात किंगडा का नावाचा कोस्टर होता, १३९ मीटर उंच, २००५ पासूनचा. भाच्याने सहा वर्षांत त्या पार्कात तीनदा पाऊल ठेवलं, तीनही वेळा सासू-सासऱ्यांना सफारीतले जिराफ दाखवायला. भाऊजींना हे कळलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू माझ्या माहेरी कोणी पंढरपूरला राहून विठोबाच्या पायरीवर चढलं नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत तो मनोरा सुरुंग लावून पाडला. रात्री साडेअकराला भाऊजींचा फोन. मला वाटलं, कोणी गेलं. "वहिनी, भाच्याला सांगा, गेलं ते." एवढंच बोलून ठेवला.

शेवटी एका रविवारी मीही गेले. जाऊबाईंचा गुडघा दुखत होता आणि कवळी धरायला घरचं माणूस हवं होतं. पण तिथे पोचल्यावर जाऊबाई आल्याच, रिक्षाने, काठी घेऊन. मग माझ्या हाताला काम उरलं नाही.

खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ मध्ये उघडलं. नायट्रो स्विस कंपनीने बांधलेला, सुमारे ४० मीटर उंच, पाच वेळा माणसाला उलटं करणारा. पण हे आकडे वाचून काही कळत नाही. कळतं ते तेव्हा, जेव्हा खांद्यावरून लोखंडी जाकीट खाली येतं, ते तपासणारा पोरगा "ओके मावशी?" विचारून पुढे जातो, आणि पायाखालची जमीन सरकते. हा वाक्प्रचार नाही. फलाटाची फळी खरंच सरकून निघून जाते आणि आपले अनवाणी पाय लोंबकळायला लागतात. चपला खाली काढून ठेवलेल्या. शेवटची रांग, शेजारी भाऊजी. गाडी हलली. खट-खट-खट. डावीकडे डोंगर, लांबवर घाटाकडे निघालेले ट्रक, मुंग्यांसारखे. भाऊजी डोळे मिटून ऐकत होते. मी म्हटलं, "भाऊजी, मला उतरायचंय." ते डोळे न उघडता म्हणाले, "उतरतोच आहोत."

पुढचं मला सांगता येत नाही. मंगळसूत्र आत खोचायला सांगितलं होतं, ते बाहेर येऊन माझ्या दातांत होतं, एवढं आठवतं. देवाचं नाव घ्यायला तोंड मोकळं नव्हतं. कुठलंसं वांगं आलं, मग दुसरं, मग आकाश खाली आणि माझे पाय वर, आणि बायकी आवाजात ओरडणारा पुढचा एक दाढीवाला. गाडी थांबली तेव्हा भाऊजींनी विचारलं, "अधांतर किती?" मी म्हटलं, "बारा." त्यांनी मान हलवली. "दहापैकी सांगा."

खाली फोटोंचा काउंटर आहे. स्क्रीनवर आमची रांग होती. मी मंगळसूत्र चावताना. शेजारी भाऊजी, पासपोर्टच्या फोटोत असतात तसे, ओठ मिटून. मी तो फोटो विकत घेतला नाही. त्यांनी घेतला.

रात्री परत येताना ठाण्याला जाऊबाईंना रिक्षात बसवून ते मला सोडायला मुलुंडपर्यंत आले, कारण सकाळी त्यांचा चकल्यांचा डबा आमच्याकडे राहिला होता. खाली आल्यावर मी लिफ्टचं बटण दाबलं. ते जिन्याकडे निघाले. काही तासांपूर्वी उलटं टांगलेला माणूस! मी म्हटलं, "भाऊजी, आता पुरे झाला व्यायाम. माझ्याबरोबर चला."

ते थांबले. "वहिनी, तो नायट्रो रोज सकाळी आधी रिकामा फिरवतात. सगळं ऐकतात, बघतात, मग माणसं बसवतात. तुमची लिफ्ट?"

"महिन्यातून एकदा तुमच्याच कंपनीचा माणूस येतो की."

"येतो ना," भाऊजी म्हणाले. "मीच शिकवलाय त्याला."

आणि कठड्याला हात लावून चढायला लागले. लिफ्ट आली. दार उघडलं. आत कोणी नव्हतं, ट्यूबलाइट फडफडत होती. मी हात आत घालून सहाचं बटण दाबलं, दार लावून घेतलं, तिला रिकामीच वर पाठवली, आणि त्यांच्या मागोमाग जिना चढायला लागले.