नानांचे दगड

भिंगारला नानांकडे गेलात तर चपला दाराबाहेर काढायच्या आणि हात खिशात ठेवायचे. खिडकीत कुंड्यांची रांग आहे. त्यांत बसलेले दगड हे दगड नाहीत, झाडं आहेत. नाव लिथॉप्स, गाव दक्षिण आफ्रिका. दोन जाडजूड पानं, मधे चीर, संपलं झाड. १८११ साली बर्चेल नावाच्या इंग्रजाने तिकडे एक विचित्र खडा म्हणून उचलला, तो हे झाड निघालं. नानांच्या मेहुण्याचं उलट झालं. त्याने झाड उचललं आणि टाच घासायला न्हाणीत नेलं. त्याला या घरात अजून अर्धाच कप चहा मिळतो.

निवृत्त माणसाला काहीतरी उद्योग हवा. नानांचा उद्योग म्हणजे झाडांना पाणी न घालणं, आणि तो दिवसभर पुरतो. सकाळी भिंग लावून सुरकुत्या मोजायच्या, पाणी घालायचं नाही. ऊन सरकलं की कुंडी चार बोटं सरकवायची, पाणी घालायचं नाही. पावसाळ्यात तर नाना रात्री उठून झड आत येते का बघतात. पुण्याला लग्नाला गेले तेव्हा घराची किल्ली माझ्याकडे देऊन, मी काय काय करायचं नाही ते पाऊण तास समजावत होते.

जवळच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ नेहरू कैदेत होते. त्यांनीही तिथे बाग केली, जमीन सगळी दगडगोट्यांची. ‘‘पंडितजींनी दगड उपसून फुलं लावली,’’ नाना हळहळतात. ‘‘केवढी फुकट मेहनत!’’

परवा एका कुंडीतल्या चिरेतून नवी जोडी डोकावली नि जुनी पानं सुकायला लागली. काकू कळवळून तांब्या घेऊन आल्या.

‘‘अगं थांब! जुन्या पानांनी स्वतः आटून नव्यांना पाणी द्यायचं असतं. तू वरून पाजलंस की जुनी फुगून बसतात, जागाच सोडत नाहीत.’’

काकूंनी तांब्या खाली ठेवला. नानांच्या कमरेला लटकणाऱ्या कपाटाच्या किल्ल्यांकडे पाहिलं.

‘‘हे जरा सूनबाईलाही सांगा की.’’

नानांनी भिंग पुसायला घेतलं. मी चहा पिऊन निघालो तरी ते पुसतच होते.