पट्टा बांधला की गोवा सुरू

गोवा नेमका कुठे सुरू होतो? पेडणेकर सांगतील, पत्रादेवीला. आम्ही डिचोलीवाले सांगू, दोडामार्गचा नाका ओलांडला की. पण दिल्लीहून मोपाला येणाऱ्या पर्यटकाचा गोवा सुरू होतो तो दिल्लीच्याच धावपट्टीवर, कमरेचा पट्टा खट्टकन लागला की. बाहेर जानेवारीचं धुकं, आत हा अर्ध्या चड्डीत, फुलाफुलांच्या शर्टात. एअर होस्टेसला हाक मारतो तीही शॅकवरच्या पोऱ्याला मारावी तशी. तिकिटाच्या पैशांत फक्त एक खुर्ची येते हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. त्याच्या हिशेबाने त्याने विमानच घेतलंय.

मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन झालं ११ डिसेंबर २०२२ ला आणि विमानं उतरू लागली ५ जानेवारी २०२३ पासून. नारळ फोडून महिनाही झाला नव्हता. त्या पहिल्याच दिवशी गो फर्स्टच्या विमानातल्या एका परदेशी पाहुण्याला, एअर होस्टेसशी गैरवर्तन केलं म्हणून, सुरक्षा दलाच्या हवाली करावं लागलं. पेडण्याच्या पठारावर काजू-करवंदं होती तोवर तिथे एवढी वर्दळ नव्हती, हे खरं.

पुढच्या वर्षीच्या जानेवारीत तर कळसच. दिल्लीहून गोव्याला निघालेलं इंडिगोचं विमान धुक्यामुळे तासन् तास जागचं हललं नाही. वैमानिक बिचारा आणखी उशीर होणार म्हणून सांगायला उभा राहिला, तर पिवळ्या हुडीतला एक प्रवासी मागून धावत आला आणि त्याने वैमानिकालाच ठोसा लगावला. धुकं वैमानिकाने घरून डब्यात आणलं होतं, अशी त्याची समजूत असावी. त्याच सुमारास गोव्याहून दिल्लीला निघालेलं दुसरं विमान मुंबईला वळवलं, आणि त्यातले प्रवासी खाली उतरून विमानाच्या शेजारीच जेवायला बसले. ती पंगत फार महाग पडली. इंडिगोला १ कोटी २० लाखांचा दंड झाला. एवढ्या खर्चात आमच्याकडे गावजेवण होतं, वर सोलकढी वेगळी.

दिल्लीवाल्यांना हसताना मी जरा बेतानेच हसतो. बेशिस्त प्रवाशांना विमानबंदी घालायचे नियम देशात २०१७ साली झाले, ते कुणामुळे? तेव्हाचे उस्मानाबादचे खासदार रवींद्र गायकवाड यांच्यामुळे. पुणे-दिल्ली विमानात बिझनेस क्लास नव्हताच, म्हणून त्यांनी एअर इंडियाच्या कर्मचाऱ्याला चपलेने मारलं, आणि किती वेळा मारलं तो आकडाही कॅमेऱ्यासमोर स्वतःच जाहीर केला. कंपन्यांनी त्यांना विमानात घेणं बंद केलं. खासदार रेल्वेने परतले. नियमात आता पायऱ्या आहेत: तोंड चालवलं तर तीन महिन्यांपर्यंत बंदी, हात चालवला तर सहा, आणि जिवावर बेतेल असं काही केलं तर दोन वर्षं किंवा जास्त. चपलेचं स्थान मराठी माणसाने असं राष्ट्रीय पातळीवर निश्चित केलं.

आमच्या नानांचा प्रश्न मात्र धुराचा. नाना खाणीवर फोरमन होते. जन्मभर डिचोलीची लाल धूळ छातीत घेतली, आणि वर विडी. लेकीला भेटून दिल्लीहून परतताना मी त्यांच्या शेजारी होतो. ते संडासात जाऊन आले ते तावातावानेच.

"अरे, दारावर लिहिलंय ओढू नका, आणि त्याच दारात राखदाणी! हे काय, परीक्षा बघतात काय माणसाची?"

राखदाणी खरीच असते, पत्र्याची, बोटभर, उघडमीट होणारी. नियमच आहे तसा. १९७३ च्या जुलैत पॅरिसजवळ वारिग कंपनीचं विमान पडलं, १२३ माणसं गेली. आग लागली होती संडासातल्या कचऱ्याच्या डब्यापाशी. कितीही बंदी घाला, कुणीतरी ओढणारच, तर थोटूक निदान कागदाच्या डब्यात जाऊ नये, म्हणून ती राखदाणी. नाना ऐकून गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे सरकार माणसाला ओळखून आहे."

मग मी त्यांना लंडन-मुंबई विमानातल्या माणसाची गोष्ट सांगितली. मार्च २०२३. हा संडासात ओढताना सापडला. अंधेरीच्या कोर्टात जामीन ठरला २५ हजार. याने इंटरनेटवर वाचलं होतं की त्या कलमाखाली दंड २५० रुपये. म्हणाला, अडीचशे देतो, जामीन भरणार नाही. आणि गेला कोठडीत. नाना मुंडकार प्रकरणात डिचोलीच्या कचेरीत चपला झिजवलेले. त्यांना त्या माणसाची फार कीव आली. "जामीन म्हणजे दंड न्हय रे," असं ते विमानाच्या खिडकीला समजावत राहिले.

आमच्या कदंबा बसमध्ये हे सगळं एका वाक्यात आटपतं. कंडक्टर तिकिटं फाडता फाडता, मान वर न करता म्हणतो, "बाबा, ती विडी उडय पयलीं." विडी खिडकीबाहेर जाते. विमानाची खिडकी उघडत नाही, ही त्या धंद्यातली मोठीच उणीव.

गंमत अशी की मोकळीक म्हणून हे पर्यटक जिथे येतात तिथलाही कायदा जुनाच आहे. दिल्लीने सार्वजनिक जागी ओढण्याविरुद्ध कायदा केला १९९६ ला. गोव्याने १९९७ ला, आणि त्यात थुंकणंही घातलं. किनाऱ्यावर उघड्यावर प्यायलं तर दंड दोन हजार, टोळक्याने प्यायलं तर दहा हजार, असं २०१९ सालीच ठरलं होतं. सिनेमावाल्यांनी हे कधी दाखवलं नाही.

मोपाला उतरलो. बाहेर येताच नानांनी खिशातून विडी काढली आणि खिसे चाचपू लागले. विडीबंडल दिल्लीच्या सुरक्षेतून सुटलं होतं, काडेपेटी तिकडेच जप्त झाली होती. शेजारी आमच्याच विमानातला तो फुलाफुलांचा शर्ट टॅक्सीची वाट बघत उभा. त्याने इकडे तिकडे पाहिलं, वाकला आणि मोज्यातून लायटर काढून नानांपुढे धरला.

नानांनी आधी विडी पेटवून घेतली. दोन झुरके मारले. मग लायटर परत देत त्याला गोव्याचा १९९७ चा कायदा कलमवार समजावून सांगितला.