मांजराचे वकील

हा माणूस प्रत्येक सोसायटीत एक तरी असतोच. सनद नाही, काळा कोट नाही, अशील एकच आणि तोही दिवसातला बराच वेळ झोपलेला. आमच्याकडे हे काम दुसऱ्या मजल्यावरचे अण्णा बघतात. बँकेतून निवृत्त झालेत. अशिलाचं नाव सरदार, नसबंदी झालेला पिवळा बोका, वजन सात किलो. साध्या गावठी बोक्याला चार-पाच किलो पुष्कळ होतात.

पूर्वी कुणी "बोका सुटलाय हो" म्हटलं, की अण्णा "हाडापेरानंच दांडगा आहे," "खात्यापित्या घरचा दिसायला नको का?" असल्या किरकोळ मुद्द्यांवर भागवत. मग लेकीनं फोनवर 'प्रायमॉर्डियल पाउच' हा शब्द सांगितला आणि अण्णांच्या हाती घटनेतलं कलमच लागलं. आता सरदार जिन्यातून पोट हलवत उतरला रे उतरला, की वरून आवाज येतो, "पाउच आहे तो!"

कलम खरं आहे, हीच तर पंचाईत. मांजराच्या पोटाखाली, मागच्या पायांकडे कातडीची एक सैल झोळ लोंबते. बोक्याला असते, भाटीला असते, हडकुळ्या मांजरालाही असते; वाघ-सिंहांनासुद्धा असते. भांडणात मागच्या पायांच्या लाथा बसल्या तर आतडी सांभाळावीत, उडी मारताना अंग लांबवता यावं, म्हणून ती असावी असं मानतात. सरदारनं शेवटची उडी कधी मारली, असलं अण्णांना विचारू नये.

पण खरी झोळ चिमटीत धरली तर पातळ लागते आणि चालताना रिकामी डुलते. सरदारचा ऐवज छातीपासूनच भरगच्च सुरू होतो आणि वरून पाहिलं तर कंबर कुठे आहे ते कळत नाही.

शेवटी लसीच्या निमित्तानं प्रकरण डॉक्टरीणबाईंपुढे गेलं. त्यांनी बरगड्या चाचपल्या. बऱ्याच वेळानं एक सापडली. म्हणाल्या, "अंगकाठीला नऊपैकी गुण देतो आम्ही. याला आठ."

अण्णांनी सरदारची पाठ थोपटली.

"अहो, पाच म्हणजे उत्तम!"

"मग तीन जास्तच मिळालेत की."

नसबंदीनंतर मांजराला कमी अन्न पुरतं, भूक मात्र वाढते, हे बाईंनी समजावलं. "पण हा काही खातच नाही हो," अण्णांचा ठरलेला जबाब. खरं असं, की सकाळी अण्णा वाटीभर कोरडं खाणं घालतात, दुपारी वहिनी मांदेल्या, आणि संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर सरदार असा काही ओरडतो की त्या घरची आजी अण्णांना मनातल्या मनात शिव्या देत ताट वाढते. तिघांची खाती वेगवेगळी, ताळेबंद कुणीच जुळवत नाही. बँकेतला माणूस!

"मग उद्यापासून कडक उपास," अण्णा म्हणाले. तेव्हा मात्र बाई दचकल्या. लठ्ठ मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर चरबी यकृतात साठते आणि जिवावर बेततं. वजन उतरवायचं ते आठवड्याला एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे सरदारचं सत्तर ग्रॅम. "दर वाईट नाही," अण्णा पुटपुटले.

घरी वजन करायची युक्तीही मिळाली: बोक्याला घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकट्यानं, आणि वजाबाकी करायची. त्यात अण्णांचा आकडा वहिनींना दिसला. काटा सध्या माळ्यावर आहे.

तुमच्याही घरी असा वकील असेल तर त्याच्याशी वाद घालू नका. पोट एकाएकी फुगून टणक झालं असेल तर सरळ डॉक्टर गाठा. एरवी मांजराच्या बरगड्यांवरून अलगद हात फिरवा. हाताला सहज लागल्या तर झोळीला खुशाल लोंबू द्या. दाबून शोधाव्या लागल्या, तर वाटीचं माप कमी करा आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजीला आधी जाऊन भेटा.