छाती ७९, फुगवून ८४, नोंद निरंक

महाराष्ट्रात पोलीस शिपाई व्हायचं तर सरकार आधी तुम्हाला नीट मोजून घेतं. पुरुषांची उंची किमान १६५ सेंटिमीटर, छाती ७९, फुगवून आणखी ५. मग १६०० मीटर पळा, १०० मीटर पळा, गोळा फेका. पन्नास गुणांचं ग्राउंड, शंभर गुणांची लेखी. यातून तरलात की उरतं चारित्र्य. ते मोजायला टेप नसल्यामुळे त्याची नुसती पडताळणी करतात.

या पडताळणीचा फॉर्म एकदा सावकाश वाचून पाहा. कधी अटक झाली होती का, खटला भरला गेला होता का, दंड किंवा शिक्षा झाली होती का, असं त्यात विचारलेलं असतं. गांजा ओढलात का, एमडी म्हणजे मेफेड्रोन घेतलीत का, असं मात्र कुणी विचारत नाही. माणसाच्या पोटात काय गेलं ही त्याची खासगी बाब; कागदावर काय आलं तेवढं सांगा.

अमेरिकेतले लोक याबाबतीत भाबडेच म्हणायचे. तिथली एफबीआय उमेदवाराला तोंडावर विचारते, काय घेतलं आणि शेवटचं कधी. अर्जाआधीच्या एका वर्षात गांजा ओढलेला चालत नाही, इतर अमली पदार्थांना तर दहा वर्षांची अट. वर लाय डिटेक्टर लावून पुन्हा तेच विचारतात. आपल्याकडे हे यंत्र आणायचं ठरलं, तर त्याची निविदा निघेपर्यंत उमेदवाराची वयोमर्यादा उलटून जायची.

आता समजा, पुण्यातल्या कोरेगाव पार्कात एका फ्लॅटवर पार्टी चालू आहे. दोन मित्र, दोघेही भरतीची तयारी करणारे, एकाच चिलमीचे भागीदार. छापा पडतो. एक जण गॅलरीतून उडी मारून बंडगार्डनपर्यंत पळत सुटतो. दुसऱ्याची चप्पल अडकते. चप्पलवाल्यावर अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याचं कलम २७ लागतं, गांजा सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. पुढं शिक्षा होवो न होवो, केस पडली ती पडली. पळालेला मात्र चारित्र्यवान. शिवाय त्याचा १६०० मीटरचा सरावही झाला. त्यात वीसपैकी वीस घेणार तो हाच.

चप्पलवाल्याला वाटतं, लिहायचंच नाही फॉर्ममध्ये, कोण बघतंय. तिथं तो दुसऱ्यांदा सापडतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात सांगून ठेवलंय की माहिती खरी द्या. लपवाछपवी हेच नोकरी जायला कारण होऊ शकतं. कोवळ्या वयातल्या किरकोळ गुन्ह्याकडे साहेबांनी काणाडोळा करायला हरकत नाही, असंही म्हटलंय. पण नोकरीसाठी रांगेत हजारो पोरं उभी असताना काणाडोळा करण्याची तसदी कोण घेतो?

दाराबाहेर एवढी कडक शिस्त असल्यावर आत काय असेल, या विचारानंच सामान्य माणसाचा ऊर भरून येतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मेफेड्रोन प्रकरणातला आरोपी ललित पाटील पुण्याच्या ससून रुग्णालयातून निघून गेला. त्याच्यावर नजर ठेवायला नेमलेले पोलीस निलंबित झाले. त्याला पुढं मुंबई पोलिसांनी पकडलं, हा पुण्याच्या जिव्हारी लागलेला भाग वेगळाच. मार्च २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी मेफेड्रोनच्याच गुन्ह्यात एका उपनिरीक्षकाला अटक केली, तो त्यांच्याच दलातला होता. त्याच वर्षी जूनमध्ये फर्ग्युसन रस्त्यावरच्या बारमधल्या नशेचा व्हिडिओ गाजला आणि पुन्हा पोलिसांची निलंबनं झाली. या सगळ्या पोलिसांनी भरतीच्या वेळी फॉर्म भरला असणार आणि तो स्वच्छच असणार.

आता हिशेब बघा. भरतीआधी केस पडली तर हातात भोपळा. भरतीनंतर पडली तर निलंबन, आणि निलंबनात सुरुवातीला निम्म्या पगाराच्या आसपास निर्वाहभत्ता. म्हणून शहाण्यानं जे काय करायचं ते नियुक्तिपत्र हातात पडल्यावर करावं. नवी पेठेतल्या अभ्यासिकांत हा धडा अजून शिकवत नाहीत, तिथं बिचारे राज्यघटनेची कलमं पाठ करत बसलेत.

एनडीपीएस कायद्यात एक खिडकी आहे, कलम ६४ अ. थोडा माल बाळगल्याचा किंवा सेवन केल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला गेला आणि ते पुरे केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. आणि उपचारांना पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं. अडचण एकच, ते येरवड्यात आहे. तुरुंगही येरवड्यात, मनोरुग्णालयही येरवड्यात. 'मुलगा येरवड्याला होता' एवढं वाक्य जिन्यातून खाली पोचेपर्यंत लग्नं मोडतात.

असाच एक मुलगा धरा. चार महिने मुक्तांगण, नंतर सहा वर्षं कोरडा. माल कुठं मिळतो, कोण कुठल्या खुणेनं देतो, याची त्याला गुन्हे शाखेपेक्षा जास्त माहिती. ग्राउंड निघालं, लेखी निघाली. पडताळणीला हवालदार आले. मुलगा घरात नव्हता, शेजारच्या काकू मात्र होत्या, त्या असतातच.

"येरवड्याला होता हो चार महिने," काकूंनी सुरुवात केली.

"जेलात?"

"छे, मुक्तांगणला. आता सुपारीसुद्धा खात नाही."

"मग केस नाही ना कुठं," म्हणत हवालदारांनी 'निरंक' लिहिलं, खिशातून तंबाखूची पुडी काढली आणि काकूंकडे चुना मागितला.