आठबिटे

प्रत्येक सोसायटीत एक आठबिटे असतो. दारावरच्या पाटीवर देशपांडे, शिंदे, कांबळे, डिसोझा काहीही लिहिलेलं असू शकतं. पण दिवाळीच्या आधी सोसायटीच्या ग्रुपवर कुणी 'जुना टीव्ही काढायचाय, भंगारवाल्याचा नंबर आहे का?' असं विचारलं, की भंगारवाल्याच्या आधी जो दारात येऊन उभा राहतो तो आठबिटे.

आमचा आठबिटे तिसऱ्या मजल्यावर राहतो. वय पंचेचाळीस, नोकरी हिंजवडीत, पगार असा की नवा कोरा सिनेमागृहाएवढा टीव्ही हप्त्यांशिवाय घेता यावा. आमची ओळख झाली ती आमच्या एकोणतीस इंची पोटवाल्या टीव्हीमुळे. भंगारवाला त्याचे दोनशे म्हणाला होता. आठबिटे आला आणि सरळ टीव्हीच्या मागे गेला. टीव्ही आपण पुढून बघतो, हा माणूस मागून बघतो. मोबाइलचा टॉर्च लावून त्याने जाळीतून आत डोकावलं, पिवळ्या-पांढऱ्या-लाल भोकांवरून बोट फिरवलं आणि मुलगी पाहायला आलेल्या वरपित्याच्या आवाजात विचारलं, "एकहाती वापरलाय का?"

पाचशेला सौदा ठरला. रिमोट सापडला म्हणून वर पन्नास. मग ते धूड वर न्यायला चार माणसं लागली. आठबिट्याने स्वतः काहीही उचललं नाही, तो पुढे उलटा चालत "सांभाळून, सांभाळून, नळीला धक्का नको" म्हणत होता. तिसऱ्या मजल्यावर वहिनी दार उघडून उभ्या होत्या. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "हा चौथा."

आता माणसाला चार डबा टीव्ही कशाला लागतात, हे विचारायची चूक मी केली. आठबिट्याने मला बसवलं, चहा मागवला आणि बंदूक आणली. तीच ती, नव्वदीत टीव्ही गेमबरोबर मिळायची, बदकं मारायची प्लॅस्टिकची बंदूक. "सांग, घोडा ओढल्यावर काय होतं?" मी म्हटलं, बदक मरतं. त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं.

काय होतं ते त्याने पाऊण तास सांगितलं आणि कबूल करायला हवं की मीही पाऊण तास ऐकलं. घोडा ओढला की क्षणभर सगळा पडदा काळा होतो. पुढच्या क्षणी बदक जिथे असेल तिथे एक पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत उजेड ओळखणारा एक डोळा असतो, त्याला तो पांढरा दिसला की बदक मेलं. म्हणजे गोळी बंदुकीतून टीव्हीकडे जातच नाही, उजेड टीव्हीतून बंदुकीत येतो. आधी पडदा काळा का करायचा? तर कुणी लबाडाने बंदूक ट्यूबलाइटकडे रोखली असेल तर पकडला जावा म्हणून. काळ्या पडद्यातही उजेड दिसला, तर नेम खोटा. हे सगळं घडतं डोळ्याचं पातं लवायच्या आत. जुन्या टीव्हीत सिग्नल आला की त्याच क्षणी चित्र उमटतं. नवा सपाट टीव्ही आलेलं चित्र आधी चाळतो, निवडतो, घासूनपुसून मग दाखवतो. तेवढ्यात बंदूक वाट बघून कंटाळते. पांढरा चौकोन उशिरा येतो आणि बदक हसत हसत उडून जातं.

"म्हणून," आठबिटे म्हणाला, "पन्नास हजारांच्या टीव्हीवर एक बदक मरत नाही. आणि तुझ्या ह्या पाचशेच्यावर मरतं."

पाचशे पन्नासच्या, असं वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

ह्या जातीचा उगम शोधायला गेलं तर तो उन्हाळ्याच्या सुट्टीत सापडतो. जपानमध्ये निन्टेंडो कंपनीचा 'फॅमिकॉम', टीव्हीला जोडायचा आठ बिटांचा गेम, आला १५ जुलै १९८३ रोजी. आपल्याकडे पोचले ते त्याचे चुलत-मावस भाऊ, कुठल्या कुठल्या नावांचे, नव्वदीच्या सुमारास. आपण त्याला फॅमिकॉम म्हटलं नाही, 'टीव्ही गेम' म्हटलं. कार्ट्रिजला 'कॅसेट' म्हटलं, हातातल्या त्या बटणांच्या पट्टीला 'रिमोट' म्हटलं. गल्लीत एकाकडे तो असायचा आणि उरलेले अकरा जण त्याचे अचानक जिवलग मित्र व्हायचे. आठबिटे त्या अकरांतला. 'एकदा मेलास की रिमोट दे' हा त्या काळचा कायदा. जो मरायचाच नाही त्याच्याकडे सगळे आदराने आणि थोड्या द्वेषाने बघायचे. कॅसेटवर '९९९९९९९ इन १' असं छापलेलं असायचं. आठबिट्याने नववीच्या सुट्टीत ते खरोखर मोजायला घेतलं होतं. तेच ते पाच-सहा गेम, कधी दुसऱ्या स्टेजपासून सुरू होणारे, कधी नाव बदललेले, पुन्हा पुन्हा येत राहतात हे त्याला दोनशेच्या आसपास कळलं, तरी तो आठशेपर्यंत गेला. पुढे सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नोकरी लागली यात नवल नाही.

आणि ती फुंकर! गेम सुरू झाला नाही की कॅसेट उपसून तिच्या तळाशी बासरीसारखी फुंकर मारायची. अख्ख्या पिढीला ही विद्या कुणी शिकवली ते सांगता येत नाही. बारामतीपासून ब्राझीलपर्यंतची पोरं, एकमेकांना न भेटता, तेच करत होती. आज आठबिट्यासमोर कुणी कॅसेटला तोंड लावलं तर तो अक्षरशः किंचाळतो. तोंडातल्या ओलाव्याने कॅसेटचे तांब्याचे पाय गंजतात, निन्टेंडोसुद्धा फुंकू नका असंच सांगायची. गेम चालू व्हायचा तो फुंकरीमुळे नव्हे, काढून पुन्हा घातल्यामुळे. संपर्क नीट बसायचा एवढंच. हे ऐकून मला जरा वाईट वाटलं. लहानपणीचं आपलं एकमेव तांत्रिक कौशल्य असं निकालात निघालं. आठबिटे आता कानकाड्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो. घरात इतकं अल्कोहोल, पण प्यायच्या लायकीचं थेंबभर नाही, ही त्याच्या मेव्हण्याची तक्रार आहे.

पण आठबिटे खऱ्या अर्थाने बघायचा तो एप्रिल-मे महिन्यांत, गच्चीवर.

जुन्या यंत्रांचं करड्या-पांढऱ्या रंगाचं प्लॅस्टिक कालांतराने पिवळं पडतं, एखाद्या चहाबाज माणसाच्या दातांसारखं. आग लागू नये म्हणून त्या प्लॅस्टिकमध्ये ब्रोमीनची संयुगं घातलेली असतात. वर्षानुवर्षं उजेड खाऊन ती पिवळट होतात. यावर ह्या पंथातला उतारा म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड चोपडायचं, वर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळायची आणि कडक उन्हात ठेवायचं. पेरॉक्साइड मिळतं केस ब्लीच करायच्या क्रीममध्ये. आठबिट्याच्या डोक्यावर मोजून चाळीस केस. तो पार्लरच्या सामानाच्या दुकानात जाऊन ब्लीचचे सहा डबे मागतो तेव्हा दुकानदार काही विचारत नाही, फक्त बघतो.

तर गच्चीवर एका बाजूला त्याच्या आईच्या कुरडया, सांडगे, साबुदाण्याच्या पापड्या. दुसऱ्या बाजूला आठबिट्याचं वाळवण: दोन गेमची टरफलं, एक कीबोर्ड उघडा करून, एक जुना माउस. मध्ये खडूची रेघ. रेघेवरून मायलेकांत दर वर्षी वाद होतो, कारण ऊन सरकतं आणि आठबिटे उन्हाबरोबर सरकतो. दर अर्ध्या तासाने तो वर येऊन टरफलं फिरवतो, नाहीतर डाग पडतात. "जरा माझ्या कुरडयाही परत," आई म्हणतात. तो परततो. पण आधी हात तीनदा धुऊन, कारण एकदा उलटं झालं होतं आणि त्या वर्षीच्या कुरडया आमच्या सोसायटीच्या इतिहासातल्या सर्वांत पांढऱ्या कुरडया होत्या. कुणी खाल्ल्या नाहीत. आईंनी पाहुण्यांना नुसत्या दाखवल्या.

आईंचं आणि ह्या छंदाचं वैर जुनं आहे. एकदा आठबिट्याने त्यांना मोठ्या भक्तिभावाने सांगितलं की अमेरिकेत १९८३ मध्ये अटारी कंपनीने न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो नावाच्या गावाजवळ कचऱ्याच्या खड्ड्यात पुरल्या, वर काँक्रीट ओतलं, आणि २०१४ मध्ये लोकांनी खणून त्या पुन्हा बाहेर काढल्या.

"काँक्रीट ओतेपर्यंत सगळं बरोबर होतं," आई म्हणाल्या.

ज्ञानाच्या बाबतीत मात्र आठबिट्याचा हात धरणारा कुणी नाही. मारिओला मिशी का? १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये माणूस काढायला ठिपकेच इतके थोडे होते की तोंड काढता येईना. मिशी काढली की नाकही कळतं आणि तोंडाची कटकट मिटते. टोपी का? केस काढायला नकोत. 'सुपर मारिओ'तले ढग आणि झुडपं एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा. आणि १९८५ चा तो अख्खा खेळ, बत्तीस स्टेज, संगीत, राजकन्या, राक्षस धरून, चाळीस किलोबाइटमध्ये बसवला होता. "तुझी मावशी रोज सकाळी गुलाबाचं फूल आणि सुप्रभात पाठवते ना," तो म्हणतो, "त्या एका फुलात तीन-चार मारिओ सहज मावतील." तेव्हापासून मावशीचा फोटो आला की मला अपराधी वाटतं.

'कॉन्ट्रा' ह्या गेममधल्या तीस लाईफचा मंत्र तो झोपेतही म्हणतो: वर वर खाली खाली डावा उजवा डावा उजवा बी ए. हा मंत्र मुळात 'ग्रेडियस' ह्या १९८६ च्या गेममधला. तो गेम तपासताना बनवणाऱ्या काझुहिसा हाशिमोतोंनाच झेपेना, म्हणून त्यांनी स्वतःसाठी एक चोरवाट ठेवली आणि ती काढायची राहून गेली. म्हणजे घर बांधणाऱ्या गवंड्याने शिडी विसरावी आणि पुढे जगभरच्या चोरांनी तिला हार घालावेत, तसं. फेब्रुवारी २०२० मध्ये हाशिमोतो वारले. त्या दिवशी आठबिट्याने ऑफिसात वाढदिवसाचा केक खाल्ला नाही. कुणी कारण विचारलं तर "घरातलं कुणीतरी" म्हणाला.

त्याला खऱ्या अर्थाने चिडवायचं असेल तर एवढंच म्हणायचं, "हे सगळे गेम मोबाइलवर फुकट मिळतात की." मिळतात ते एम्युलेटरवर. एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. त्यातला 'मेम' १९९७ मध्ये आला, तेव्हापासून ह्या पंथात दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो खेळ महत्त्वाचा, यंत्र कुठलंही असो. आठबिटे दुसऱ्या तटाचा. "देव चराचरात आहे," तो म्हणतो, "मग लोक पंढरपूरला चालत का जातात?" त्याची स्वतःची वारी दर रविवारी जुन्या बाजारात असते. तिथे गंजलेले नळ, देवांच्या मूर्ती आणि बंद घड्याळं यांच्यामध्ये उकिडवा बसून तो अॅडाप्टरांचा गुंता सोडवतो. घरी येताना पिशवी शर्टाच्या आत.

इतकं सगळं सांगितलं, पण आठबिट्याला खेळताना मी कधी पाहिलं नव्हतं. हे माझ्या लक्षात यायलाही चार वर्षं गेली. तो पुसतो, जोडतो, मोजतो, सोल्डर करतो, फुगलेले कपॅसिटर बदलतो. खेळत नाही. म्हणून गेल्या दिवाळीत त्याने "रविवारी या, मारिओ लावू" म्हटल्यावर आम्ही सहकुटुंब गेलो. माझी भाची आली होती, तिसरीतली. तिला घेतलं.

साडेपाचला बसलो. सव्वासातला टीव्हीच्या कडा सरळ झाल्या. आठबिटे पडद्यावर एक पांढरी जाळी लावून तिची रुंदी पट्टीने मोजत होता. मधूनमधून "एक मिनिट हं" म्हणायचा. वहिनींनी चिवडा दिला, लाडू दिले, मग पोळ्या लाटायला घेतल्या. त्यांना अंदाज होता. भाचीने विचारलं, "मामा, हे काका टीव्ही दुरुस्त करणारे आहेत का?"

अखेर ती ओळखीची धून वाजली. खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. आठबिट्याने रिमोट हातात घेतला, बोटं मोडली आणि मारिओ चालू लागला. "आता बघ," तो भाचीला सांगू लागला, "समोरून तो तपकिरी येतोय ना, तो गुम्बा. मारिओ बनवणाऱ्या मियामोतोने तो मुद्दाम तिथे ठेवलाय. सूचनांचं पुस्तक न वाचता खेळणाऱ्याला आपोआप कळावं, की उडी..."

मारिओ मेला.

"हे मी मुद्दाम दाखवलं. म्हणजे उडी मारायची हे त्याला शिकवायचं..."

मारिओ पुन्हा मेला. तिसऱ्यांदा आठबिटे बोलला नाही, ओठ आवळून खेळला. गुम्बा ओलांडला आणि पहिल्या खड्ड्यात पडला.

खोलीत शांतता. आठबिट्याने सवयीने पडद्याकडे बोट केलं. "लॅग आहे," तो म्हणाला. म्हणजे बटण दाबणं आणि उडी यांच्यामध्ये अंतर पडतंय. बोलून झाल्यावर त्याच्याच लक्षात आलं असावं. चार टीव्ही, चार वर्षं, सोसायटीभर व्याख्यानं, सगळी एकाच मुद्द्यावर उभी होती, की ह्या टीव्हीत लॅग नसतो. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी लाडवाकडे पाहिलं.

"बटणाखालचं रबर असेल," तो पुटपुटला. "कार्बन झिजतो."

भाचीने दुसरा रिमोट उचलला होता. ती गुम्ब्यावरून उडाली, खड्ड्यावरून उडाली, एका पाइपात उतरून नाणी खाऊन आली. "काका, बघा!" ती ओरडली. काका पडद्याकडे पाठ करून जमिनीवर बसले होते. समोर वर्तमानपत्र, त्यावर पाच बारीक स्क्रू ओळीने मांडलेले, एका हातात कानकाडी.

"एक मिनिट हं, बाळा," आठबिटे म्हणाला, "खेळायला बसायच्या आधी हे एवढं पुसून घेतो."