शरीर, शेत आणि क्षेत्र

भाची म्युनिकला गणित शिकते. परवा फोनवर म्हणाली, "मामा, या आठवड्यात आमचा शरीरविस्तार चाललाय." मी नकळत पोट आत ओढलं. म्हटलं, "मेसचं जेवण मानवलेलं दिसतंय."

तर कळलं ते असं. जर्मनमध्ये 'क्योर्पर' म्हणजे शरीर, आणि बीजगणितात आपण ज्याला 'क्षेत्र' म्हणतो, त्याचंही नाव तेच. एका क्षेत्राला पोटात घेणारं मोठं क्षेत्र म्हणजे 'ओबरक्योर्पर'. एरवी त्याचा अर्थ कमरेच्या वरचं अंग! आणि जिथे गुणाकारात क्रम बदलला की उत्तरही बदलू शकतं, ते 'शीफक्योर्पर', तिरकं शरीर. (अशी आमच्या सोसायटीत चार आहेत.)

हे बारसं गणितज्ञ रिचर्ड डेडेकिंडनं केलं, 1871 साली. डिरिश्लेची संख्या-सिद्धांतावरची व्याख्यानं त्यानं छापली होती. त्यांच्या दुसऱ्या आवृत्तीला जोडलेल्या पुरवणीत हा शब्द आला. पण शरीरच का? पूर्णांकांचं घर बघा. बेरीज, वजाबाकी, गुणाकार सगळं घरातल्या घरात. 3 ला 2 ने भागलं की दीड उंबरठ्याबाहेर. अपूर्णांकही घरात घेतले, की मग शून्यानं भागणं सोडून काहीही करा, उत्तर घरातच. असं स्वतःत पुरं, एकसंध काहीतरी त्याला म्हणायचं होतं. त्यात 2 चं वर्गमूळ आणून बसवलं, की झाला शरीरविस्तार.

फ्रेंचांनी इमानानं 'कोर' केलं, म्हणजे शरीरच. इंग्रजीत मात्र शिकागोच्या ई. एच. मूरनं 1893 मध्ये 'फील्ड' म्हटलं आणि शरीराचं शेत झालं. क्योर्परचं 'के' हे अक्षर तेवढं इंग्रजी पुस्तकांतही अजून त्या शेतात बुजगावण्यासारखं उभं असतं.

मराठीनं इंग्रजी शेतावरून 'क्षेत्र' घेतलं. इथे मला हसू फुटलं. गीतेच्या तेराव्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो, हे शरीर म्हणजेच क्षेत्र. ज्ञानेश्वरांनी तर त्या क्षेत्राची नांगरटच केली आहे. म्हणजे जर्मनीतून निघालेलं शरीर शिकागोच्या बांधावरून फिरत फिरत, कुणाला न सांगता घरी परतलं होतं.

भाचीला हे सांगितलं. ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "मामा, ज्ञानेश्वरी पाठवून दे. पार्सलात जागा उरली तर बेसनाचे लाडूही."