मालकांचा कित्ता

भालकी, औराद, बसवकल्याण, नाहीतर कलबुर्गी जिल्ह्यातलं आळंद. कर्नाटकाच्या सीमेवरच्या या पट्ट्यातल्या कुठल्याही मराठी बोलणाऱ्या गावात बसमधून उतरावं आणि ‘मालक हाईत का?’ असं विचारावं. ‘कोणते मालक?’ असा उलटा प्रश्न येत नाही. कशाचे मालक, हे तर कोणीच विचारत नाही. मालक हे पद आहे. त्याला निवडणूक नाही, मुदत नाही आणि निवृत्ती तर नाहीच नाही.

कागदोपत्री ग्रामपंचायतीच्या अध्यक्ष मालकीणबाई असतात. कर्नाटकात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांना राखीव झाल्या, तेव्हा मालकांनी त्या निर्णयाचं मनापासून स्वागत केलं आणि शिक्का स्वतःच्या खिशात ठेवला. सही बाईंची, भाषण मालकांचं. पंचायत विकास अधिकारी, म्हणजे पीडीओसाहेब, नवे असले तर पहिल्या महिन्यात ‘अध्यक्ष कुठायत?’ असं विचारतात. दुसऱ्या महिन्यापासून तेही ‘मालक’ म्हणू लागतात.

सीमेवरचा माणूस तीन भाषांत जगतो आणि मालक तीन भाषांत राज्य करतात. तालुक्याच्या कचेरीत कन्नड. तिथं पहाणीच्या उताऱ्यासाठी मालक हात जोडून उभे असतात आणि साहेबाच्या प्रत्येक वाक्याला ‘आय्तु सर’ म्हणतात. मोंढ्यात दखनी. तिथं तुरीचा भाव पाडणाऱ्या अडत्याच्या खांद्यावर हात टाकून ‘क्या मियाँ, गरीब कू मारते क्या?’ असा दोस्ताना चालतो. गावात आले की मराठी, आणि तीही नुसती आज्ञार्थी. नाली काढा, झाडं लावा, पाणीपट्टी भरा. नेतृत्वाच्या शैली शिकवायला शहरात पैसे घेऊन शिबिरं भरवतात. मालक एकाच दिवसात, एकाच धोतरात तीन शैली वापरून संध्याकाळी घरी येतात. घरात मालकीणबाईंसमोर चौथी शैली सुरू होते. तिच्यात बोलायचं नसतं.

बसवजयंतीला गावात श्रमदान ठरतं. आधी मालकांचं भाषण. आपल्या बसवकल्याणात बाराव्या शतकात अनुभव मंटप भरायचा, कष्ट हीच पूजा असं बसवण्णा आणि त्यांच्या शरणांनी सांगितलं, हे ते रंगवून सांगतात. मग आयदक्की लक्कम्माची गोष्ट येते. तिचा नवरा सांडलेले तांदूळ वेचून आणायचा. एके दिवशी त्यानं गरजेपेक्षा जास्त आणले, तर तिनं ते परत टाकून यायला लावले. ‘अशी बाई पाहिजे!’ असं म्हणत मालक पहिल्या रांगेकडे बघतात. तिथं बसलेल्या मालकीणबाई पदर सारखा करतात.

भाषण संपलं की मालक फावडं उचलतात आणि ते हवेत असतानाच फोटो निघतो. फावडं जमिनीला टेकायच्या आत मालकांना बीपी आठवतं आणि ते लिंबाखाली खुर्चीत बसतात. पाच मिनिटांत गावातला प्रत्येक तरुण फावडं उचलतो, फोटो काढतो आणि त्याच लिंबाखाली येतो. ‘कोणी ऐकंना बगा,’ मालक हळहळतात. खरं तर गावानं तंतोतंत ऐकलेलं असतं.

शाळेतले सर तेवढे धीट. ते एकदा म्हणाले, “मालक, आधी आपण करावं, मग लोकाला सांगावं. महमूद गावानाचं बघा. बहामनी राज्याचा वजीर माणूस, पण मातीच्या भांड्यात जेवायचा, चटईवर निजायचा. कमाई घातली कशात? 1472 साली बिदरात एवढा मोठा मदरसा बांधला.”

“पुढं काय झालं त्याचं?” मालकांनी विचारलं.

सर अडखळले. “1481 ला... खोट्या पत्रावरून सुलतानानं मुंडकं उडवलं.”

“बरं. बसवण्णाचं?”

“जातीबाहेरचं लग्न मान्य केलं म्हणून कल्याण पेटलं. कल्याण सोडून जावं लागलं.”

“आन् मंगळवेढ्याचे दामाजीपंत? दुष्काळात बादशहाचं कोठार लोकाला वाटलं. पकडून बिदरला आणूलालते. विठोबानं विठू महाराचं रूप घेऊन पैसे भरले म्हणून वाचले. सर, मला पकडलं तर कोण येणार? आमदार?”

या मुद्द्याला सरांकडे उत्तर नव्हतं. बिदरच्या इतिहासाचा एवढा व्यवहारी अभ्यास विद्यापीठातही झाला नसेल.

पण मालकांची सगळी पंचाईत इथंच आहे. आपण उदाहरण घालून देत नाही, म्हणजे सुटलो, असं त्यांना वाटतं. गाव मात्र पाटीवरचा कित्ता गिरवावा तसं त्यांना गिरवत असतं. मालकांनी घरापुढचा ओटा नालीवर दोन फूट पुढे घेतला. वर्षाच्या आत अख्ख्या गल्लीचे ओटे पुढे आले आणि नाली जमिनीखाली कुठंतरी आहे, एवढीच आठवण उरली. पावसाळ्यात पाणी ती आठवण काढत घरात शिरतं. मालकांनी पाणीपट्टी थकवली, गावानं थकवली. सरकारी मराठी शाळा वाचवा म्हणून मालक धरण्याला बसले. गावही बसलं. घोषणा जोरात चालू असताना बिदरच्या इंग्रजी शाळेची पिवळी बस आली आणि मालकांचा नातू तिच्यातून उतरला. पुढच्या जूनपासून ती बस गावात दोन फेऱ्या मारू लागली. मराठी शाळेच्या पहिलीत आता सरांना हजेरी घ्यावी लागत नाही. नजर टाकली की झालं.

एकदाच गणित उलटं पडलं. ग्रामसभेत थकबाकीदारांची यादी वाचायची आणि सुरुवात अध्यक्षांच्या घरापासून करायची, असं पीडीओंनी ठरवलं. मालक तालुक्याला गेले होते, ‘आय्तु सर’ म्हणायला. मालकीणबाईंनी दुधाचे साठवलेले पैसे कनवटीला लावले, भर दुपारी गल्लीतून चालत पंचायतीत गेल्या आणि सगळी बाकी भरून पावती घेऊन आल्या. भाषण केलं नाही, फोटो काढला नाही. वाटेत दारातल्या बायकांनी विचारलं, “काय करूलालाव, मालकीणबाई?” त्या म्हणाल्या, “पट्टी भरून आलाव.” तिसऱ्या दिवशी पंचायतीतलं पावतीपुस्तक संपलं.

ग्रामसभेत मालक उभे राहिले आणि म्हणाले, “मी आधी भरली, मग तुम्हाला सांगितलं!” टाळ्या पडल्या. मालकीणबाईंनी पुन्हा पदर सारखा केला. लक्कम्माची गोष्ट मात्र त्या दिवसापासून मालकांच्या भाषणातून गळाली आहे.

मालक माणूस वाईट नाही. कुणाच्या घरी मयत झाली की खांदा द्यायला तेच पहिले जातात, आणि त्यात गाव मागं राहिलेलं कधी ऐकलं नाही. गाव ऐकत नाही, ही पुढाऱ्यांची जुनी तक्रार आहे आणि ती खरी आहे. कारण गावाला ऐकायची सवय नाही, बघायची आहे. तेव्हा तुमच्या गावातली नाली तुंबली, तर लोकांच्या नावानं बोटं मोडू नका. आधी मालकांचा ओटा मोजा. आणि काही काम खरोखर व्हावं असं वाटत असेल, तर मालकांकडे निवेदन देऊ नका. शिक्का मालकीणबाईंच्या हातात द्या.